शाळेचं हिवाळी पत्र आणि त्यातल्या चार ओळी



नोव्हेंबर संपत आला की मुलांच्या दप्तरातल्या फोल्डरमध्ये एक कागद येतो. वर शाळेचं चित्र, खाली बातम्या: पुस्तक प्रदर्शन अमुक तारखेला, गाण्यांचा कार्यक्रम तमुक तारखेला, हरवलेल्या हातमोज्यांची पेटी ऑफिसबाहेर ठेवली आहे, वगैरे. आणि सगळ्यात शेवटी नर्सबाईंच्या चार ओळी.

एक, ताप उतरल्यावर औषधाशिवाय २४ तास जाईपर्यंत मुलाला घरी ठेवा. दोन, हात साबणानं धुवायला शिकवा. तीन, फ्लूची लस घेतली नसेल तर घ्या. चार, रोज जाड जॅकेट, टोपी आणि हातमोजे पाठवा, कारण मुलं बाहेर खेळायला जाणार आहेत.

आपण काय करतो? पुस्तक प्रदर्शनाची तारीख फोनमध्ये टाकतो आणि कागद रिसायकलच्या डब्यात. मीही तेच करत आले. मी जीवशास्त्रात पीएचडी केली आहे, प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे 'हे मला माहीत आहे' असा एक आगाऊपणाही त्यात होता. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तो उतरला.

लेक तेव्हा पहिलीत होती. सकाळी अंग किंचित गरम लागलं, थर्मामीटरवर १००.८ फॅरनहाइट. मला दहा वाजता मीटिंग, नवरा प्रवासात. माझे बाबा भारतातून आमच्याकडे आलेले होते, पण तापलेलं मूल दिवसभर त्यांच्यावर सोपवणं मला बरं वाटेना. मी तिला मापानं तापाचं औषध दिलं. साडेसातपर्यंत ती हसायला-खेळायला लागली आणि मी तिला बसमध्ये बसवून दिलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी शाळेतून फोन आला. ताप १०२. नर्सबाई अतिशय शांतपणे म्हणाल्या, "सकाळी काही औषध दिलं होतं का?" मी खरं ते सांगितलं. पलीकडे एक छोटासा उसासा ऐकू आला. तो फोन त्यांनी त्या आठवड्यात कितव्यांदा केला होता कोण जाणे.

तीन दिवसांनी बाबांना खोकला आणि कणकण सुरू झाली. आम्ही म्हटलं, थंडी बाधली. इथल्या थंडीची सवय नाही, सकाळी डोक्याला मफलर न बांधता फिरायला गेले असतील. काढा दिला, आलं-लिंबू दिलं, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागायला लागली. इमर्जन्सीत नेलं, तपासणीत फ्लू निघाला. वय ७१, त्यात मधुमेह. दोन रात्री रुग्णालयात काढून बाबा सुखरूप घरी आले. पण डॉक्टरांचं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. फ्लूवरचं विषाणूरोधक औषध लक्षणं दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात उपयोगी पडतं. ते ४८ तास आम्ही मफलरची चर्चा करण्यात घालवले होते.

म्हणून आज त्या चार ओळींमागचं विज्ञान सांगते. आधी थंडीचाच प्रश्न.

थंडी बाधते म्हणजे नक्की काय?

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, थंड हवेमुळे नाही. विषाणू नसेल तर बर्फात उभं राहूनही सर्दी होणार नाही. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळ १९४६ साली खास सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झालं होतं. तिथे स्वयंसेवकांना ओल्या कपड्यांत गार वाऱ्यात उभं करून पाहिलं, पण त्यामुळे त्यांना जास्त सर्दी झाली असं दिसलं नाही.

मग आई म्हणते ते सगळं खोटं का? तसंही नाही. २००५ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ इथे १८० जणांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी २० मिनिटं पाय गार पाण्यात ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यातल्या जास्त जणांनी सर्दीची लक्षणं सांगितली. त्यांच्या नाकात विषाणू होता का, हे मात्र तपासलं नव्हतं. २०१५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर दाखवलं, की सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस ३७ अंश सेल्सियसपेक्षा ३३ अंशांना जास्त वेगानं वाढतो. कारण कमी तापमानात पेशींची स्वतःची संरक्षणयंत्रणा मंदावते. नाकाच्या आतलं तापमान साधारण तेवढंच, ३३ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे थंडी विषाणू आणून देत नाही, पण आधीच आलेल्या विषाणूला थोडी मदत करू शकते. टोपी घालायला सांगणाऱ्या आज्या अगदीच चुकीच्या नाहीत.

हिवाळ्यातला मोठा गुन्हेगार मात्र वेगळाच आहे: घरातली आणि वर्गातली कोरडी हवा.

हे गणित स्वयंपाकघरात बसून करता येतं. शून्य अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ५ ग्रॅम बाष्प मावतं. २१ अंशांच्या हवेत सुमारे १८ ग्रॅम मावतं. आता बाहेरची शून्य अंशाची, बाष्पानं पूर्ण भरलेली हवा घरात आली आणि फर्नेसनं ती २१ अंशांपर्यंत तापवली. पाणी तेवढंच, ५ ग्रॅम. पण मावू शकतं १८ ग्रॅम. म्हणजे सापेक्ष आर्द्रता २७-२८ टक्क्यांवर आली. बाहेर उणे १० असेल तर हाच आकडा १३ टक्क्यांच्या आसपास जातो. हिवाळ्यात ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, वाळत घातलेले कपडे दोन तासांत सुकतात, ते सगळं ह्याच कारणानं.

ह्या कोरडेपणाचा फ्लूशी काय संबंध, ते २००७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या माउंट सायनाय इथल्या संशोधकांनी गिनीपिगांवर दाखवलं. एका कपाटात आजारी आणि निरोगी गिनीपिग वेगवेगळ्या पिंजऱ्यांत ठेवले, फक्त हवा सामाईक. तापमान २० अंश ठेवून आर्द्रता बदलत गेले. २० आणि ३५ टक्के आर्द्रतेला विषाणू सहज पसरला, ८० टक्क्यांना पसरलाच नाही. कोरड्या हवेत खोकल्याचे थेंब लवकर सुकून हलके होतात आणि जास्त वेळ तरंगतात. फ्लूचा विषाणूही अशा हवेत जास्त टिकतो. शिवाय आपल्या श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते चिकट द्राव सतत वर ढकलून कचरा बाहेर काढतात. कोरड्या हवेत ही झाडलोट मंदावते, हेही पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं.

आता ह्या हवेत वीस-पंचवीस मुलं, खिडक्या बंद, एकमेकांच्या पेन्सिली तोंडात. हा आपला पहिलीचा वर्ग.

इथे कुणी विचारेल, मग आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू कसा पसरतो? २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यातल्या शाळा बंद झाल्या होत्या आणि अख्खं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं, ते अनेकांना आठवत असेल. तेव्हा हवा कोरडीही नव्हती आणि थंडीही नव्हती. खरं आहे. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. उष्ण प्रदेशांत हे चक्र वेगळं का चालतं, ह्याचं पूर्ण उत्तर अजून शास्त्रज्ञांकडे नाही. पाऊस असला की माणसं दारं-खिडक्या लावून एकत्र बसतात, हे त्यातलं एक कारण मानलं जातं. पण त्यातून एवढं तरी कळतं, की थंडी हे फ्लूचं मूळ नाही. बंद जागा आणि माणसांची जवळीक दोन्हीकडे सारखीच.

घरी काय करता येईल? शे-दोनशे रुपयांत भारतात मिळतो तसा साधा आर्द्रतामापक इथेही स्वस्तात मिळतो, तो भिंतीवर लावा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवता आली तर उत्तम. ह्युमिडिफायर वापरत असाल तर तो नियमित धुवा, नाहीतर त्यातली बुरशीच खोलीभर उडेल. आणि ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका, भिंतींना बुरशी धरते.

पहिली ओळ: औषधाशिवाय २४ तास

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो शरीराचा थर्मोस्टॅट. विषाणू शिरला की संरक्षक पेशी संदेश पाठवतात, प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि थर्मोस्टॅटचा काटा वर सरकतो. म्हणून ताप चढताना थंडी वाजते: शरीर ९९ वर असतं आणि काटा १०२ वर, त्यामुळे मेंदूला वाटतं आपण गारठलोय.

पॅरासिटामॉल, म्हणजे भारतातलं क्रोसिन आणि इथलं टायलेनॉल, हे रसायन तयार होणं कमी करतं. काटा खाली येतो, घाम येतो, मूल ताजंतवानं दिसतं. विषाणूचं मात्र ह्यात काहीही बिघडत नाही. तो नाकात आणि घशात पूर्वीसारखाच वाढत असतो. त्या औषधाचा असर चार ते सहा तास, आयबुप्रोफेनचा सहा ते आठ तास. सकाळी सात वाजता दिलेला डोस अकरा-बाराला संपतो. म्हणूनच शाळेचा फोन नेमका त्या वेळेला येतो. त्यात योगायोग काही नाही.

त्या चार तासांत काय होतं? ताप असलेलं मूल निदान कोपऱ्यात आडवं पडून राहतं. ताप उतरवलेलं मूल मांडीला मांडी लावून गोष्ट ऐकतं, डबा वाटून खातं आणि पाठशिवणी खेळतं. आपण त्याला बरं नाही केलेलं, फक्त फिरतं केलेलं आहे.

फ्लूची लागण लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून सुरू होते आणि पुढे पाच ते सात दिवस चालू शकते, लहान मुलांत त्याहूनही जास्त. मग २४ तासांना अर्थ काय? तो नियम परिपूर्ण नाही, ती तडजोड आहे. प्रत्येक मुलाला आठवडाभर घरी ठेवणं कुणालाच शक्य नाही. पण ताप असताना मूल सगळ्यात जास्त विषाणू सोडत असतं, एवढा काळ टळला तरी पुष्कळ साधतं. ताप म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त. आणि २४ तास मोजायचे ते शेवटच्या डोसानंतर नाहीत, तर औषधाशिवाय ताप नसलेल्या वेळेपासून.

नुसतं नाक वाहत असेल, ताप नसेल आणि मूल खातं-पितं असेल तर शाळेत पाठवायला हरकत नसते. ऱ्हायनोव्हायरसचे १६० हून अधिक प्रकार आहेत. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं अगदी नेहमीचं आहे. 'हा सारखा आजारी का पडतो' ह्या काळजीला बहुतेक वेळा एवढंच उत्तर असतं. अशा सर्दीला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ती जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही.

दुसरी ओळ: साबण, सॅनिटायझर नव्हे

ह्या ओळीचा इतिहास एका प्राथमिक शाळेतूनच येतो. १९६८ मध्ये ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावात एका शाळेत उलट्यांची साथ आली. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून २३२ जणांपैकी ११६ जण आजारी पडले, म्हणजे बरोबर निम्मे. त्यांच्या घरच्यांपैकी आणि संपर्कातल्या लोकांपैकी ३२ टक्क्यांना पुढे तोच त्रास झाला. तपासण्या झाल्या, पण जंतू सापडला नाही. शेवटी १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियान ह्या शास्त्रज्ञाला त्या साथीतल्या नमुन्यांवरून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला. गावाच्या नावावरून तो नॉरवॉक विषाणू झाला आणि त्याच्या कुळाला आज आपण नोरोव्हायरस म्हणतो. वर्गात एकाला उलटी झाली आणि आठवड्यात अर्धा वर्ग रिकामा, असं होतं तेव्हा बहुधा हाच असतो.

आता सॅनिटायझरचं. फ्लू, कोविड, आरएसव्ही ह्या विषाणूंभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. अल्कोहोल ते विरघळवतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला असं आवरणच नाही. त्याचं प्रथिनांचं कवच अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. शिवाय आजारी पडायला त्याचे अगदी थोडे, शंभराहूनही कमी कण पुरतात.

साबणसुद्धा त्याला मारत नाही. साबण त्याला त्वचेवरून सोडवतो आणि वाहतं पाणी त्याला घेऊन जातं. म्हणून चोळणं आणि वेळ महत्त्वाची: २० सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि नखांसकट. दप्तराला लटकवलेली सॅनिटायझरची बाटली चालू द्या, पण जेवणाआधी आणि बाथरूमनंतर साबण हवाच.

घरात कुणाला उलटी झाली तर ती जागा आधी टिपून घ्या आणि मग ब्लीचच्या पाण्यानं पुसा. गॅलनभर पाण्यात ५ ते २५ टेबलस्पून घरगुती ब्लीच, आणि निदान पाच मिनिटं ओलं राहू द्या. खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर किंवा व्हिनेगर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. उलट्या-जुलाब थांबल्यावर शाळा २४ तास म्हणत असेल, तरी जमल्यास ४८ तास घरी ठेवणं चांगलं. आणि त्या दोन दिवसांत ज्याला त्रास झाला त्यानं स्वयंपाक करू नये. हे आईलाही लागू आहे.

तिसरी ओळ: लस कुणासाठी?

'मुलं तशी धट्टीकट्टी आहेत, फ्लू झाला तरी चार दिवसांत बरी होतील,' असं आपण म्हणतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण फ्लूची साथ घराघरांत नेण्याचं काम मुख्यतः शाळकरी मुलंच करतात.

जपाननं हे ओळखून १९६० च्या दशकात शाळकरी मुलांना फ्लूची लस द्यायला सुरुवात केली, पुढे ती सक्तीची झाली. १९८७ मध्ये पालकांना नकार द्यायची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रम बंद झाला. २००१ मध्ये संशोधकांनी त्या काळातले हिवाळ्यातले मृत्यू मोजले. मुलांचं लसीकरण जोरात होतं तेव्हा ते कमी झाले होते, कार्यक्रम थांबल्यावर पुन्हा वाढले. त्यांच्या अंदाजानुसार दरवर्षी ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते, म्हणजे दर ४२० मुलांच्या लसीमागे एक. आणि ते जीव मुख्यतः म्हाताऱ्या माणसांचे होते. लस नातवंडांना, वाचले आजी-आजोबा.

ह्या आकड्यांवर पुढे बरीच चर्चा झाली, कारण मागे वळून केलेल्या हिशेबात इतर कारणंही मिसळलेली असू शकतात. पण कॅनडात हटराइट पंथाच्या लोकांच्या वेगळ्या राहणाऱ्या वस्त्यांमध्ये रीतसर चाचणी झाली. काही वस्त्यांतल्या ३ ते १५ वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिली, इतर वस्त्यांतल्या मुलांना दुसऱ्याच आजाराची. २०१० मध्ये निष्कर्ष आले. फ्लूची लस मुलांना दिलेल्या वस्त्यांत, लस न घेतलेल्या लोकांनासुद्धा सुमारे ६१ टक्के संरक्षण मिळालं होतं.

फ्लूचा विषाणू आपलं रूप सतत बदलतो आणि लसीचा असरही ओसरतो, म्हणून ती दरवर्षी घ्यायची. विषाणूशी चांगली जुळली तर ती डॉक्टरकडे जावं लागेल अशा आजाराची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. शंभर टक्के नाही. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण तो बहुधा सौम्य असतो. असर यायला सुमारे दोन आठवडे लागतात. आठ वर्षं किंवा त्याहून लहान मूल पहिल्यांदाच लस घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. भारतातून नुकत्याच आलेल्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं.

भारतातून राहायला आलेल्या आई-बाबांनाही लस द्या. ६५ च्या पुढच्यांसाठी इथे जास्त मात्रेची लस मिळते. व्हिजिटर विम्यात बसत नसेल तरी पदरचे पैसे भरून फार्मसीत घेता येते. आमच्या बाबांची राहून गेली होती. 'येऊन दोनच आठवडे झालेत, बघू पुढच्या महिन्यात', असं मीच म्हटलं होतं.

चौथी ओळ: जॅकेट पाठवा, मुलं बाहेर जाणार

'एवढ्या थंडीत मुलांना बाहेर कशाला काढतात?' हा आपल्या आजी मंडळींचा लाडका प्रश्न. वरचं सगळं वाचल्यावर उत्तर तुम्हीच द्याल. कोंदट वर्गापेक्षा मैदानावर विषाणू पसरणं कितीतरी अवघड. तिथली हवा क्षणोक्षणी बदलते.

धोका असतो तो हिमदंशाचा. त्यासाठी नुसतं तापमान नाही, वाऱ्यासकट जाणवणारं तापमान बघायचं. ते उणे २८ सेल्सियसच्या आसपास गेलं की उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. शाळा त्याच्या बऱ्याच आधी मुलांना आत ठेवतात. आपण द्यायचं ते थरांचे कपडे: आत अंगाला लागून सुती नको, कारण घामानं भिजलं की ते गारच राहतं. थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. हातमोज्यांवर नाव घाला. आणि गाडीत कार सीटच्या पट्ट्यांखाली फुगीर जॅकेट नको. अपघाताच्या धक्क्यानं ते चपटं होतं आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा बांधा, मग जॅकेट वरून पांघरा.

आणि पत्रात नसलेलं: भारतातून आलेली औषधांची पिशवी

ही नर्सबाईंना माहीत नसते, म्हणून मी लिहिते. डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन. फ्लू किंवा कांजिण्या असलेल्या मुलाला ते देऊ नये. त्यातून राय सिंड्रोम हा यकृताचा आणि मेंदूचा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. निमेसुलाइडवर भारतातच २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांसाठी बंदी आहे. जुनी बाटली असेल तर टाकून द्या. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. देवघरातला कापूरसुद्धा त्यांच्या हाताला लागू देऊ नका. वाफ देताना उकळत्या पाण्याचं पातेलं मुलासमोर ठेवू नका, भाजण्याचा धोका मोठा आहे. चार वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची दुकानी औषधं देऊ नयेत. एक वर्षावरच्या मुलाला रात्री चमचाभर मध द्या, त्यानं खोकला कमी होतो हे चाचण्यांतही दिसलं आहे. हळद-दूध आवडत असेल तर जरूर द्या, पण त्याला औषध समजून डॉक्टर लांबवू नका.

श्वास फार जलद होत असेल किंवा श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, आठ तास लघवी झाली नसेल, मूल नीट जागं होत नसेल, ताप औषधानंही १०४ च्या खाली येत नसेल, किंवा बरं होऊन पुन्हा जोरात ताप आला असेल, तर थांबू नका, डॉक्टर गाठा किंवा ९११ ला फोन करा. १२ आठवड्यांखालच्या बाळाला कुठलाही ताप आला तर लगेच.

पुन्हा ती सकाळ

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. बाबांना फ्लू झाला तो मी लेकीला शाळेत पाठवल्यामुळे नाही. तिला घरी ठेवलं असतं तरी तो त्यांना झाला असता, कदाचित आदल्या दिवशीच झालाही असेल. पण त्या वर्गात आणखी बावीस मुलं होती. त्यातल्या काहींच्या घरी आजी-आजोबा असतील, कुणाची आई गरोदर असेल, कुणाच्या लहान भावाला दमा असेल. त्यांच्यापैकी कुणाकडे काय पोचलं, हे मला कधीच कळणार नाही. आणि माझ्या लेकीला ज्या वर्गमित्राकडून फ्लू आला असेल, त्याच्या घरीही बहुधा कुणाची तरी दहा वाजता मीटिंग होती.

आपल्यापैकी अनेकांकडे इथे हक्कानं हाक मारावी असं कुणी नसतं. रजा मोजक्या असतात, काहींचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. त्यामुळे 'घरी ठेवा' हे सांगणं सोपं आणि करणं अवघड, हे मला पूर्ण कळतं. म्हणून आम्ही आसपासच्या पाच मराठी घरांनी ऑक्टोबरमध्येच बसून एक यादी केली: कुणाला कुठल्या दिवशी घरून काम करता येतं, आजारी मूल असेल तर औषधं-किराणा कोण आणून देईल, आजी-आजोबांना त्या दिवसांत कुणाच्या घरी राहायला नेता येईल. मूल संध्याकाळी मलूल वाटलं तर ताप रात्रीच बघतो आणि साहेबांना रात्रीच कळवतो. सकाळी साडेसहाला घाईत घेतलेला निर्णय बहुतेक चुकतो.

ह्या वर्षीचं पत्र मागच्या आठवड्यात आलं. ते फ्रिजवर लावलं आहे. बाबा डिसेंबरात पुन्हा येतायत. लस ह्या वेळी विमानतळावरून घरी येताना वाटेतल्या फार्मसीतच घ्यायची, असं त्यांनीच फोनवर ठरवून टाकलं आहे. मफलर मात्र ते आणणारच आहेत.